पॉज लावला का?

उज्जैनला फ्रीगंजात राहणाऱ्या आमच्या काकांना माउस धरणारा माणूस मुळातच आळशी वाटतो. "काय घासून राहिला रे ते? कमांड दे!" शिंद्यांच्या काळापासून इथे रुजलेल्या घरांची ही मराठी, अर्धी हिंदी वळणाची, काकांच्या तोंडी उरलेली अर्धी डॉसची.

ते शिकले 'ऑटोएक्झेक डॉट बॅट'च्या जमान्यात. विंडोज कितीही बदलो. काळी खिडकी उघडायची, 'कलर झिरो ए' देऊन अक्षरं हिरवी करायची, मगच काम. नोटपॅडात बॅच फाइल लिहायची तर पहिली ओळ 'एको ऑफ', शेवटची 'पॉज'. पॉज नसेल तर डबल क्लिकवर खिडकी उघडली कधी, मिटली कधी, कळत नाही. चूक वाचायची राहून जाते. म्हणून कॉलनीतलं पोर अडलं की पोहे-जलेबीची बशी पुढे करण्याआधी प्रश्न येतो, "पॉज लावला का?" मग, "सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडलं का?" ते विसरून फाइलची 'डॉट बॅट डॉट टीएक्सटी' करणाऱ्याकडे काका असे बघतात, जणू तो महाकालाच्या रांगेत मधेच घुसलाय.

गणपतीच्या फोटोंना नावं द्यायला एकदा दुपारी बसले. फॉर लूप चालेना. खिडकीत टक्क्याची खूण एकदा, बॅच फाइलीत दोनदा, हे सापडलं. तरी चालेना. फोल्डरच्या नावात मोकळी जागा, अवतरणचिन्हं नाहीत! इकडे आरती झाली. पुतणीने सगळे फोटो निवडले, एफ-टू दाबलं, नाव टाकलं, संपलं. काका म्हणाले, "ठीक आहे. पण पुढच्या वर्षी काय?" पुढच्या वर्षी फोल्डरचंच नाव बदललं होतं.

पण हसून भागत नाही. शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपला त्यांनी हार्ड डिस्क जोडायला लावली आणि रोज रात्री रोबोकॉपी कमांडने फाइली त्यात उतरतील अशी सोय करून दिली. ऐन परीक्षेत लॅपटॉप गेला; नोट्स जशाच्या तशा मिळाल्या. ती पेढे घेऊन आली, तर काका विचारतात, "रोज लॉग बघत होतीस ना?"

तुमच्याकडे असे काका असतील तर त्यांचं एक जरूर ऐका: फॉर लूपमधल्या 'डेल'च्या आधी 'एको' लावून काय पुसलं जाणार ते वाचा, मगच पुसा. आणि त्यांच्यापुढे पॉवरशेलचं नाव काढू नका. डबल क्लिक केल्यावर चालायचं सोडून नोटपॅडात उघडणारी स्क्रिप्ट त्यांना मान्य नाही, आणि ते समजावून सांगायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागते.