पत्ता सापडला का, जावईबापू?

श्री. जावईबापू यांस,
मुक्काम पोस्ट अमेरिका.



तुम्ही माझ्या भाचीवर लावलेला दावा पोहोचला. बारामतीच्या कोर्टातून समन्स निघालं, इंदापूरच्या नाझराकडे आलं आणि तिथून बेलिफाच्या पिशवीतून निमगाव केतकीला. घर शोधायला त्याला अजिबात त्रास पडला नाही. वडिलांचं नाव, पानमळ्याशेजारची वस्ती, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, सगळं तंतोतंत. वाचून धन्य झालो. कारण याच मुलीचा ठावठिकाणा आपल्याला माहीत नाही, असं तुम्ही अमेरिकेतल्या कोर्टात शपथेवर सांगितलं होतं आणि त्या जोरावर तिच्या नकळत घटस्फोट पदरात पाडून घेतला होता. मधल्या काळात बायकोचा पत्ता कुठे सापडला, तेवढं कळवा.

अंतरपाटापाशी नवरीला घेऊन आलेला मामा, एवढीच माझी ओळख तुम्हाला असेल. पोटापाण्यासाठी काय करतो, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. मी कोर्टात बेलिफ होतो. सगळी नोकरी समन्स बजावण्यात गेली.

काम तसं किरकोळ. कागद द्यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, परत यायचं. माणूस घरी नसला तर पुन्हा जायचं. घेत नाही म्हणाला तर पंचांसमोर दाराच्या दर्शनी भागावर प्रत डकवायची, आणि कधी गेलो, कोण भेटलं, घर कुणी दाखवलं, हे समन्सच्या पाठीवर लिहून द्यायचं. मी उसाच्या फडात उभ्या माणसाला समन्स दिलंय. उजनीच्या पाण्यात जाळं टाकायला गेलेला माणूस काठाला येईपर्यंत थांबून दिलंय. ज्याच्याविरुद्ध निकाल व्हायचा, त्याला आधी कळलं पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

तुमची बजावणी मात्र एकदम अमेरिकन. तिथल्या एका काउंटीच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापून मोकळे झालात. निमगावच्या पेपरवाल्याकडे मी चौकशी केली. म्हणाला, मागवून देतो, पण किती प्रती खपतील?

आता एका खोक्याचं सांगतो. ‘दोन-तीन महिने माहेरी राहा, तोवर व्हिसाचं बघतो,’ म्हणून तुम्ही तिला विमानात बसवून दिलंत. परतीचं तिकीट काही आलं नाही. आलं ते कुरिअरचं खोकं. त्यात तिचा थंडीचा कोट, बर्फात घालायचे बूट आणि पोळपाट. बर्फातले बूट, इंदापूर तालुक्यात! खोक्यावर तुमच्या सुवाच्य अक्षरात निमगावचा पूर्ण पत्ता, खाली तिच्या वडिलांचा मोबाइल नंबर. घरचे खोकं चुलीत घालायला निघाले होते. मी आधी पत्त्याची चिठ्ठी कापून घेतली. जन्माची सवय, दुसरं काय. तिच्यावरची तारीख तुमच्या ‘पत्ता माहीत नाही’च्या शपथपत्राआधी पाच आठवड्यांची आहे.

तर तुमच्या दाव्याकडे येऊ. अमेरिकन कोर्टाचा हुकूमनामा इथे वैध आणि बंधनकारक आहे असं बारामतीच्या कोर्टानं जाहीर करावं, अशी तुमची मागणी. मागणीत वावगं काही नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम १३: परदेशी कोर्टाचा निकाल आपल्याकडे निर्णायक मानतात. ही झाली चांगली बातमी. पुढे त्याच कलमात सहा अपवाद आहेत. निकाल देणाऱ्या कोर्टाला अधिकार नव्हता. निकाल गुणदोषांवर झाला नाही. जिथे भारतीय कायदा लागू होता तिथे तो मानला नाही. नैसर्गिक न्यायाला हरताळ फासला. फसवून निकाल मिळवला. किंवा इथला कायदा मोडून उभा केलेला दावा उचलून धरला. यांतला एक जरी लागू झाला, तरी कागदाचा इथे उपयोग नाही. तुम्ही एकाच फेरीत चार-पाच जमवलेत. इंजिनिअरिंगलाही एवढे मार्क पडले नसतील.

या वाटेनं जाणारे तुम्ही पहिले नव्हे, ही खंत मात्र राहणार. १९५५ साली जालंधरला लग्न करून पुढे अमेरिकेला गेलेल्या एका गृहस्थांनी १९६४ च्या डिसेंबरात नेवाडा राज्यातून घटस्फोट आणला. तिथे सहा आठवडे काढले की रहिवासी होता येतं. गृहस्थ रहिवासी झाले, हुकूमनामा घेतला आणि पुन्हा नेवाडाकडे फिरकले नाहीत. इकडे बायकोनं पोटगी मागितली, तर तो कागद हायकोर्टात चाललासुद्धा. सर्वोच्च न्यायालयात १ ऑक्टोबर १९७४ ला न्या. यशवंत चंद्रचूड यांनी हायकोर्टाचा निर्णय उलटवला. रहिवासाचीच थाप मारून मिळवलेला हुकूमनामा इथे चालणार नाही, असा त्याचा सारांश. चंद्रचूड मूळचे आपल्या पुण्याचेच.

दुसरा निकालही मराठी माणसानंच लिहिलेला, न्या. पी. बी. सावंत यांनी. नरसिंह राव विरुद्ध वेंकटलक्ष्मी, ९ जुलै १९९१. तुमच्या वकिलांनी तुम्हाला तो दाखवला नसेल, तर त्यांची फी परत मागा. १९७५ साली तिरुपतीला लग्न, १९८० मध्ये मिसुरीतल्या कोर्टाचा घटस्फोट, १९८१ मध्ये दुसरं लग्न. पहिलीनं फिर्याद केली, तर नवऱ्यानं मिसुरीचा कागद पुढे केला. सावंतांनी सांगितलं, ज्या कायद्यानं लग्न लागलं, त्या कायद्याला मान्य असलेल्या कोर्टानं आणि त्याच कायद्यातल्या कारणावरून ते मोडायचं. परदेशी कोर्ट चालेल, पण तीनच परिस्थितींत. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो तिथेच कायमचा राहत असेल आणि कारण इथल्या कायद्यात बसत असेल, किंवा त्यानं आपखुशीनं तिथे हजर होऊन तशाच कारणावर खटला लढवला असेल, किंवा त्यानं घटस्फोटाला संमती दिली असेल.

तुमच्या हुकूमनाम्यात कारण लिहिलंय, संसार दुरुस्त होण्यापलीकडे मोडला. मिसुरीवाल्यांचंही हेच होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये हे कारण नाही. २०२३ साली घटनापीठानं ते मान्य केलं, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली आणि फक्त सर्वोच्च न्यायालयापुरतं. तुमच्या काउंटीच्या न्यायाधीशांना अनुच्छेद १४२ कुणी बहाल केल्याचं ऐकिवात नाही.

सावंतांच्या त्याच निकालात झेरॉक्सचीही हजेरी घेतली आहे. परदेशी हुकूमनाम्याची नुसती छायाप्रत पुरत नाही, तिथल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचा दाखला लागतो. तुम्ही दाव्याला रंगीत झेरॉक्स जोडलीत. सोनेरी शिक्का फार सुरेख उमटला आहे.

बरं, सरळ रस्ता नव्हता म्हणावं, तर तोही होता. परदेशातली समन्सं बजावण्यासाठी १९६५ चा हेग करार आहे, भारतात तो १ ऑगस्ट २००७ पासून लागू. अमेरिकन कोर्टाचा कागद दिल्लीला विधी व न्याय मंत्रालयात येतो, तिथून जिल्ह्याला, मग तालुक्याला आणि शेवटी बेलिफाच्या हातात. परस्पर टपालानं पाठवलेलं चालणार नाही, अशी हरकत भारतानं नोंदवून ठेवली आहे. महिने जातात, कबूल. पण निमगावला निघालेला कागद निमगावलाच पोहोचतो.

आणि याहून सोपा रस्ता म्हणजे फोन. जावईबापू, तुमच्याकडे परत नांदायला यायची तिची हौस केव्हाच फिटली होती. एकदा विचारलं असतंत, तर ती हो म्हणाली असती. संमतीनं घेतलेला परदेशी घटस्फोट इथे टिकतो, ते सावंतांनीच लिहून ठेवलंय. नाहीतर हिंदू विवाह कायद्यातलं परस्परसंमतीचं कलम १३-ब होतंच. लग्न बारामतीत लागलेलं, दोघांच्या सह्या, मामला मिटला. पण संमती मागायची म्हणजे बोलणी आली, बोलण्यात स्त्रीधन आलं, आणि तिच्या पाटल्या, तोडे, ठुशी तुमच्या आईच्या लॉकरमध्ये. ते सोनं वाचवण्यासाठी अमेरिकेची न्यायव्यवस्था कामाला लावणारा जावई आमच्या पंचक्रोशीत तुम्ही एकटेच.

परिणामी अटलांटिकच्या पलीकडे तुम्ही सडेफटिंग आणि उजनीच्या काठी विवाहित. तुमची दोन्हीकडे सोय. ती पासपोर्टवरून पतीचं नाव काढायला गेली, तर हुकूमनामा मागतात. तुमचा दाखवला तर तो तिला मान्य झाला असं होतं, न दाखवला तर पती तुम्हीच. भावकीतले शहाणे म्हणतात, पोरी, करून टाक मान्य आणि हो मोकळी. मलाही एकदा वाटलं, काय हरकत आहे? मग तुमच्या अमेरिकेतल्या अर्जाचं मराठी भाषांतर वाचलं. त्यात तिनं घर सोडून पळ काढल्याचं लिहिलंय आणि ती सापडत नसल्याचं. हे सगळं खरं धरून मोकळं व्हायचं. तिनं वकिलांना सांगितलं, घटस्फोट मलाही हवाय, पण माझ्या अर्जावर आणि माझं म्हणणं ऐकून. बायको अर्जदार असली तर ती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, २००३ च्या दुरुस्तीपासून. पोटगीही तिथेच मागता येते.

तुमच्यासारख्यांसाठी स्वतंत्र कायदा करा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये सुचवलं. विधी आयोगानं २००९ मध्ये सांगितलं, २०१९ मध्ये राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक आलं, २०२४ च्या फेब्रुवारीत आयोगानं २८७ व्या अहवालात पुन्हा सांगितलं. कायदा मात्र झाला नाही, तेवढं तुमचं नशीब बलवत्तर. अहवाल वाढताहेत, जावईही.

नव्या स्थळाकडच्यांनी इथला कागद मागितला म्हणून तुम्ही बारामतीला आलात, हे आम्हाला कळलं आहे. ती मंडळी हुशार दिसतात, त्यांना माझा नमस्कार सांगा. पहिलं लग्न कायद्यानं उभं असताना दुसरं केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतची सोय आहे, आणि ते दुसरं लग्न लग्नच नव्हे. पत्रिका छापायची घाई करू नका.

प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, तेव्हा निकाल काय लागेल ते मी बोलणार नाही. तिची कैफियत तयार होतेय, सोबत ती चिठ्ठी, आणि तिचा स्वतःचा अर्जही वेगळा दाखल होतोय. त्याचं समन्स तुम्हाला हेगच्या रस्त्यानं येईल, रीतसर, इंग्रजीत. तुमचा पत्ता आम्ही अज्ञात म्हणून लिहिलेला नाही. कुरिअरच्या चिठ्ठीवर, पाठवणाऱ्याच्या रकान्यात, तुम्हीच तो लिहून दिला आहे. घर बदललं असेल, तर तसं कळवावं, ही विनंती.

कळावे,
कायद्यानं अजून तरी तुमचाच,
मामेसासरा