नावं ठेवणारे अण्णा

नदीकाठच्या कुठल्याही गावच्या मासळीबाजारात एक अण्णा असतातच. पायजमा पोटरीपर्यंत वर, काखेत पिशवी आणि तोंडावर असा रुबाब, की जणू प्रत्येक माशाच्या बारशाला हे जातीनं हजर होते!

"मावशी, हा वाम? वाम म्हणजे काय ते आमच्या कृष्णेला विचारा." शेजारी मालवणचा कुणी उभा असला की संपलंच. त्याचा वाम समुद्रातला, अण्णांचा नदीतला. दोन्ही सापासारखे लांबडे, नाव एक, कुळं निराळी. दोघांचा निकाल लागेपर्यंत पाटीतला बर्फ वितळून जातो.

चिलापीला तर ते पंगतीतच घेत नाहीत. "1952 साली देशात आलेली ही पाहुणी, आता उजनीची मालकीण झालीय!" रूपचंदला कुणी 'गोड्या पाण्यातलं पापलेट' म्हटलं, की अण्णांचा पारा चढतो. "कसलं पापलेट? दक्षिण अमेरिकेतला पाकू तो. पिरान्हाच्या भावकीतला!" मागे उभी असलेली गिऱ्हाइकं दचकून आपापल्या पिशवीत डोकावतात.

इतक्यावर भागलं नाही, तर अण्णा कर्नल साइक्सला बोलावतात. या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली आणि शास्त्रीय नावं देताना इथल्याच बोलीतले शब्द उचलले. म्हणून तर 'मिस्टस सींगटी' या भारदस्त नावात आपली शिंगटी आजही वळवळते. "साहेबानं विचारलं कुणाला? आमच्या खापरपणजोबांना!" अण्णा ठणकावतात. खापरपणजोबा माळकरी होते, हे गावात सर्वांना ठाऊक आहे.

पण अण्णांची खरी विद्वत्ता दिसते ती मरळापाशी. मरळ महाग. म्हणून पाटीतला तजेलदार मरळ ते उलटासुलटा करून बघतात आणि जाहीर करतात, "हा ढोक आहे. मरळाचा बारका भाऊबंद. ढोकाचा भाव लावा."

मावशी सुरी खाली ठेवत नाहीत. "अण्णा, नाव तुमच्या मनाचं ठेवा, भाव माझ्या मनाचा द्या."

घासाघीस होते, मधला भाव ठरतो. दुपारी जावईबापूंच्या ताटात तुकडा वाढताना अण्णा सांगत असतात, "अस्सल मरळ आहे हो. ढोक वगैरे आपल्या घरात येत नाही."