इंग्रजीचे सर

मराठी माध्यमाच्या शाळेतील ‘इंग्रजीचे सर’ ही जात इतर सरांपासून वेगळी ओळखावी लागते, कारण गणिताच्या सरांनी गणितात बोलावे अशी कोणाची अपेक्षा नसते. इंग्रजीच्या सरांकडून मात्र ते तासभर इंग्रजीतच बोलतील अशी असते, आणि ती पुरी केल्याची नोंद ते टाचणवहीत रोज इमानेइतबारे करतात. २००० साली राज्यात इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झाले आणि पूर्वी हायस्कुलात आढळणारी ही जात वाडीवस्तीवरही दिसू लागली.

बोलता बोलता एका भाषेतून दुसरीत जाणे म्हणजे संकेतपालट आणि एकाच वाक्यात दोहोंची सरमिसळ करणे म्हणजे संकेतमिश्रण, असे भाषावैज्ञानिक सांगतात. सरांना या संज्ञा ठाऊक नसल्या तरी दोन्ही क्रिया त्यांच्याकडून बिनचूक घडतात. हजेरी इंग्रजीत होते, धड्याचा अर्थ मराठीत उतरतो, आणि व्याकरण अशा भाषेत शिकवले जाते जिचे नाव कोणत्याही वेळापत्रकात नाही: ‘सब्जेक्टला मागं न्यायचं, त्याच्याआधी बाय लावायचा, आणि व्हर्बचं कितवं रूप?’ यावर सारा वर्ग एकमुखाने ‘तिसरं!’ म्हणून गर्जतो. या वाक्यांतील पारिभाषिक नामे इंग्रजी असली तरी विभक्ती आणि क्रियापदे मराठीच असतात. ज्या भाषेचा असा सांगाडा वापरला जातो तिला आधारभाषा म्हणतात, आणि इंग्रजीचे विशेषनामापूर्वीचे ‘द’ चुकवणारे सर मराठी प्रत्यय लावताना कधीच चुकत नाहीत. शिस्तीचा प्रांत निराळा. ‘सायलेन्स प्लीज’ने मागचा बाक हलतही नाही, पण ‘गप बसताय का येऊ तिकडं?’ म्हणताच शाळेबाहेरचे कुत्रेसुद्धा चूप होते.

सर सांगली जिल्ह्यातले असले तर या सरमिसळीबद्दलचा त्यांचा अपराधीभाव अधिकच अनाकलनीय ठरतो. त्याच जिल्ह्यातील कुपवाडमध्ये शतकानुशतके शेजारी नांदलेल्या मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली आहे की शब्दाला शब्द बदलून भाषा पालटता यावी, असे गम्पर्झ आणि विल्सन या संशोधकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. बाजारात तीन भाषांत कोथिंबिरीचा भाव पाडणारा हाच गृहस्थ वर्गात दोन भाषा एकत्र आल्या की चोरी पकडल्यासारखा दाराकडे पाहतो.

दाराकडे पाहण्याचे खरे कारण म्हणजे शाळा तपासायला येणारे विस्तार अधिकारी. ते आत येताच सर शुद्ध होतात. ‘ओपन युअर बुक्स’ अशी आज्ञा सुटते. पुस्तके आधीच उघडी असल्याने काही चाणाक्ष मुले ती मिटतात. पुढे ‘अंडरस्टूड?’ला ‘येस सर’, ‘एनी डिफिकल्टी?’लाही ‘येस सर’, आणि ‘व्हॉट इज युअर फादर?’ला सर्वांत मोठ्याने ‘येस सर’. चहा झाल्यावर अधिकारी शेरेबुकात ‘इंग्रजीचे अध्यापन पूर्णपणे इंग्रजीतूनच होत असल्याचे आढळले, समाधानकारक’ असा मराठीत शेरा लिहितात आणि त्याखाली इंग्रजीत सही ठोकतात.