खिशाला हात न लावता गॅलेरियात हिंडावं कसं

मिलानच्या दुओमोकडे, म्हणजे कॅथेड्रलकडे, तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला एक अवाढव्य कमान दिसते. तीच ‘गॅलेरिया व्हित्तोरिओ एमान्युएले द्वितीय’. नाव पाठ करायची गरज नाही, मिलानकरही नुसतं गॅलेरिया म्हणतात. नवशिका कमानीपाशी थबकतो आणि तिकिटाची खिडकी शोधू लागतो. खिडकी नाही आणि दारही नाही. हा रस्ता आहे, लोखंड आणि काचेचं छप्पर घातलेला. एका टोकाला दुओमोचा चौक, दुसऱ्या टोकाला स्काला ऑपेरागृहाचा, आणि मालकी नगरपालिकेची. तेव्हा भाजी मंडईतून जाताना जेवढा संकोच वाटतो, तेवढाच इथे वाटू द्यावा.

आता चाल. लांबीच्या बाजूने गॅलेरिया 196 मीटर आहे. ऑफिसला निघालेला मिलानकर ती दोन-तीन मिनिटांत ओलांडतो, पण आपल्याला त्याच्याशी शर्यत लावायची नाही. हात पाठीमागे बांधावेत, पोट किंचित पुढे सोडावं आणि मान वर ठेवावी. मान वर ठेवल्याने छत दिसतं आणि काचेमागच्या पर्सची किंमत दिसत नाही. दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

दोन हमरस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या अष्टकोनी चौकात थांबावं. वर 47 मीटर उंचीवर काचेचा घुमट आहे. त्याच्याखाली चार कमानींत चार खंड चितारलेले आहेत: युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका. सोबत कोणी ऑस्ट्रेलियाचा असेल तर त्याला आपला खंड शोधायला लावावं, आपला वेळ छान जातो. पूर्वी या घुमटाच्या कडेने गॅसचे दिवे होते आणि ते पेटवायला रुळावरून एक चावीचं चिमुकलं इंजिन फिरायचं. लोक त्याला ‘रात्तिन’, म्हणजे उंदीरमामा म्हणत. तो सुटायच्या वेळेला खाली बघ्यांची गर्दी जमे. सांगायचा मुद्दा असा, की इथे काहीही विकत न घेता वर बघत उभं राहण्याची परंपरा जुनी आहे. आपण ती पुढे चालवायची.

हे सगळं रचणारा वास्तुविशारद ज्युसेप्पे मेंगोनी. 1865 मध्ये, ज्याचं नाव गॅलेरियाला आहे त्या राजाने स्वतः येऊन पायाचा दगड बसवला, 1867 मध्ये अपुऱ्या कामाचंच उद्घाटन उरकलं (ही पद्धत फक्त आपलीच, असं समजू नये), आणि दुओमोकडची ती मोठी कमान व्हायला आणखी दहा वर्षं गेली. काम संपत आलेलं असताना, 30 डिसेंबर 1877 रोजी, मेंगोनी परांचीवरून कोसळून गेला. दहा दिवसांनी राजाही वारला. कमानीखालून जाताना गाईड हे सांगेल तेव्हा क्षणभर गंभीर व्हावं. मग पुन्हा पोट पुढे.

आता बुटाचं काम. अष्टकोनाच्या जमिनीवर मोझेकमध्ये शहरांची मानचिन्हं आहेत. मिलानचा लाल क्रॉस, रोमची लांडगी, फ्लॉरेन्सची लिली आणि तुरिनचा वळू. रांग वळूपाशीच लागलेली असते. उजवी टाच वळूच्या नको त्या जागी रोवायची आणि स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, की भाग्य उजळतं. तुरिन ही एकीकृत इटलीची पहिली राजधानी, म्हणून मिलानकरांचा तिच्यावर राग, अशी त्यामागची कथा सांगतात. भाग्याचं माहीत नाही, पण इतक्या टाचांनी त्या वळूचा कधीच बैल झाला आहे. तिथे खड्डाच पडतो, नगरपालिका तो बुजवते, लोक पुन्हा पाडतात. गिरकी घेताना तोल जाणं चालेल, पण समोरच्या जपानी आजींना धरणं चालणार नाही.

दुकानांकडे बघायचंच असेल तर पाट्या बघाव्यात. काळ्यावर सोनेरी अक्षरं, सगळ्यांना एकच नियम. मॅकडोनाल्ड्स इथे वीस वर्षं होतं आणि त्यालाही आपला लालभडक अंगरखा उतरवून काळं-सोनेरी व्हावं लागलं होतं. 2012 मध्ये त्याची मुदत संपली आणि जागा प्राडाकडे गेली. त्याच प्राडाचं पहिलं, चामडी बॅगांचं दुकान 1913 मध्ये इथेच निघालं होतं. गाळे आता लिलावाने जातात आणि भाडं वर्षाला लाखो युरो. एवढं भाडं भरणाऱ्याच्या दारातून आपण रिकाम्या हाताने, मान वर करून जातो, यातला आनंद कमी लेखू नये. रित्झोलीच्या पुस्तकांच्या दुकानात मात्र जरूर शिरावं. पुस्तकं चाळायला पैसे पडत नाहीत, आणि माझ्या मते इथली सर्वांत चांगली खिडकी तीच.

कॉफीचा मोह होणारच. ती उभ्याने, काउंटरवर प्यावी. खुर्चीत बसलात की तीच कॉफी कितीतरी महाग होते, कारण बिल कॉफीचं नसतं, खुर्चीचं असतं. दरपत्रक लावलेलं असतं, ते आधी वाचावं. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर दाखवायची असते. एवढं जमलं, तरी जेवणानंतर कापुचिनो मागू नये. वेटर देईल, पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसेल.

कॅफेतली गडबड बघायची असेल तर ब्रेरा संग्रहालयात जाऊन उम्बेर्तो बोच्चोनीचं 1910 चं चित्र बघावं. गॅलेरियातल्या कॅफेसमोर दोन बायकांची जुंपलेली आहे आणि सगळं गाव धावत सुटलं आहे. खुर्चीचं भाडं न भरता याहून जवळून बघायला मिळणार नाही.

पाय दुखले की स्कालाच्या बाजूने बाहेर पडावं. समोर लिओनार्दोचा पुतळा आहे, आणि त्याच्या भोवतालच्या बाकांवर बसायला कोणी बिल आणत नाही.