विषय : बर्गर पूर्ववत सुरू करणेबाबत

लवासात, दासव्याच्या तळ्याकाठी, शनिवारी अकराच्या सुमारास कोणी मेन्यूकार्ड पालथं करून मागच्या कोऱ्या बाजूवर काही शोधत असेल, तर ते काका समजावेत. कार्डावर जे आहे त्यात त्यांना रस नाही.

"तो चीज बर्गर कुठाय?"

"नाही सर."

"नाही म्हणजे संपला की बंद झाला?"

"नव्हताच सर."

वेटर मुळशीकडचाच, विशीतला. काकांचा बर्गर मिळायचा तेव्हा तो चौथी-पाचवीत असेल. पण त्या 'नव्हताच'ने काका घायाळ होतात. बंद झालेलं त्यांना चालतं, त्याचा पाठपुरावा करता येतो. नव्हतंच म्हटलं की फाइल कुठून उघडायची?

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. राहणार कोथरूड, पण पिरंगुट-मुठा-टेमघर करत दर शनिवारी लवासात हजर. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर शहर वसतंय म्हटल्यावर त्यांनी इथे फ्लॅट घेतला. तेव्हा तळ्याकाठी अमेरिकन थाटाचं एक डायनर होतं. पुढे ते गेलं. गावात आणखीही बरंच काही गेलं, पण काकांनी हिशेब मांडला तो बर्गरचा. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस येऊन बांधकाम थांबलं, ही लवासाच्या इतिहासातली ठळक घटना. काका ती "बर्गर चालू असताना" अशी सांगतात.

अशी माणसं तशी सगळीकडे असतात. कोणी गोल्ड स्पॉटसाठी झुरतं, आणि 1993 साली पार्लेने आपली पेयं कोका-कोलाला विकली ही हकिगत पानिपतच्या सुरात ऐकवतं. कोणाला 1995 ची एक रुपयाची झुणका-भाकर हवी असते, तीही एक रुपयातच. ही मंडळी हळहळून गप्प बसतात. काका अर्ज करतात, आणि काकांकडे दाखले आहेत. रिमझिम हे पेय 2018 साली परत आलं. कॅम्पा 2023 मध्ये आलं. सगळ्यात वरचा मान रोला-कोलाच्या गोळीला. 2019 साली एका माणसाने ट्विटरवर ती परत मागितली, पार्लेने दहा हजार रिट्विटची अट घातली, लोकांनी री ओढली आणि गोळी दुकानात आली. काका हा प्रसंग मिठाच्या सत्याग्रहाइतक्या गांभीर्याने सांगतात. अमेरिकेत 2017 साली मॅकडोनाल्ड्सने एक जुनी सेझवान चटणी एका दिवसापुरती परत आणली, ती पुरली नाही आणि काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले, हेही त्यांना पाठ आहे. आपल्याकडे पोलिसांची गरज पडणार नाही, एवढी हमी ते द्यायला तयार आहेत.

पहिला अर्ज साधा होता. "महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की..." प्रत माहितीसाठी जलसंपदा विभागास, कारण डायनर वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी होतं. उत्तर आलं नाही. मग माहितीचा अधिकार. खासगी हॉटेलची पाककृती सरकारकडे कशी असेल, असं आम्ही म्हणालो, तर काकांनी चष्मा पुसायला घेतला. हे वाईट लक्षण असतं. "2008 साली शासनाने लवासा वसवणाऱ्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण केलं होतं. म्हणजे नकाशे मंजूर करणारी तीच. म्हणजे सार्वजनिक प्राधिकरण. म्हणजे पाककृती हा सार्वजनिक अभिलेख!" 2017 मध्ये ते अधिकार काढून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले, तेव्हा काकांनी पत्ता बदलून तोच अर्ज तिकडे लावला. नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा. त्या दीडशे शब्दांत पावावरचे तीळ होते, कडेने ओघळणारं चीज होतं, वर टोचलेला कागदी झेंडा होता. चवीबद्दल काही नव्हतं. जागा पुरली नसेल.

2018 च्या ऑगस्टमध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दाखल झालं. घरं घेणारे हवालदिल होऊन दाव्याचे फॉर्म भरू लागले, कारण त्याच वर्षी कायद्याने त्यांना धनकोंमध्ये बसवलं होतं. काकांनीही भरला. फ्लॅटच्या रकमेखाली त्यांनी स्वतंत्र ओळ घातली : चीज बर्गर, नग एक. ती सीएने खोडली. काका त्या सीएशी आजतागायत बोलत नाहीत.

वाटेतल्या भजीच्या टपरीवर मात्र ते न चुकता थांबतात. टपरीवाल्या मावशी याच खोऱ्यातल्या. एकदा काकांचा अर्ज ऐकून घेऊन त्यांनी कढईतला झारा वर धरला. "काका, आमची भाताची खाचरं हुती तिकडं वर. तेवढं बी घाला की त्यात."

"तो स्वतंत्र विषय आहे," काका म्हणाले. "एका अर्जात एकच विषय."

मावशींनी भज्यांचे पैसे जरा जास्तच लावले. काकांनी निमूट दिले. माणूस मुळात वाईट नाही.

यंदा पावसाळ्यात एका नव्या कॅफेवाल्याने कंटाळून, किंवा दया येऊन, तो बर्गर करायचं ठरवलं. लवासात ख्राइस्ट विद्यापीठाची पोरं असतात, गिऱ्हाईक मिळेलच, हाही हिशेब. अर्जातल्या वर्णनाप्रमाणे तीळ, चीज, झेंडा, सगळं जुळवून त्याने बशी काकांपुढे ठेवली. काकांनी एक घास घेतला. डोळे मिटून बराच वेळ चावला.

"हा तो नाही."

"काय कमी आहे, काका?"

काका विचारात पडले. शेजारी बसलेल्या काकूंनी पर्समधून रुमाल काढला. "त्यांना काय विचारताय? त्यांनी तो खाल्लाय कधी? त्या दिवशी यांची संकष्टी होती. बर्गर मी आणि मुलाने खाल्ला. हे बटाट्याचे चिप्स खात आमच्याकडे बघत बसले होते. पुढच्या खेपेला खाईन म्हणाले, तर तोवर डायनर बंद."

कॅफेवाला काकांकडे बघू लागला. दुसऱ्या कोणी मान खाली घातली असती.

"बिल मी भरलं होतं," काका म्हणाले, आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून त्यांनी ते काढलंसुद्धा. शाई केव्हाच उडाली होती. पांढरी पट्टी तेवढी उरली होती. काकांनी ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत घडी घातली.

"हरकत नाही. दुय्यम प्रत मागता येते."