ट्रोम्सोला न जाण्याची पूर्वतयारी

नवशिका घसरतो तो ठिकाण निवडतानाच. स्वप्नातल्या प्रवासासाठी स्वित्झर्लंड घेऊ नये. सोसायटीतले अर्धे लोक तिथे जाऊन आलेले असतात आणि उरलेल्यांनी ते यश चोप्रांच्या कृपेने पाहिलेले असते. काशी-रामेश्वरही घेऊ नये; घरचे खरोखरच तिकीट काढतात. नाव घेतल्याबरोबर समोरच्याने ‘कुठंशी आलं हे?’ म्हणावे, असे ठिकाण हवे. नॉर्वेतले ट्रोम्सो या कामाला उत्तम. आर्क्टिक वृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला असलेल्या या गावात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, आणि आभाळ निरभ्र असले तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. हा प्रकाश ‘नाचतो’ असे म्हणायची पद्धत आहे. आपणही म्हणावे, पण पहिल्याच भेटीत नको.

मग अभ्यासाला लागावे. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांच्या बाजूला वळतात, वरच्या विरळ हवेतल्या ऑक्सिजनवर आदळतात, आणि शंभर-दीडशे किलोमीटरवर हिरवा, त्याहून बराच वर तांबडा उजेड पडतो. एवढे पाठ हवे. या सगळ्या खळबळीचे मोजमाप म्हणजे के-पी निर्देशांक, ० ते ९. तो रोज सकाळी दूधवाला यायच्या आत पाहून ठेवावा आणि चहाच्या वेळी ‘आज पाच आहे’ असे घरात मोठ्याने सांगावे. कोणी विचारलेले नसते, तरी सांगावे. थंडीचा विषय निघाला की गल्फ स्ट्रीम काढावा. त्या उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोत जानेवारीतही सरासरी उणे चारच्या आसपासच असते. आपल्या द्रासचा गारठा याहून कितीतरी कडक. ऐकणाऱ्याने स्वेटरांची यादी करायला घेतलेली असते, ती इथे गळून पडते.

पुढचा पाठ जहाजाचा. १८९३ पासून नॉर्वेच्या किनाऱ्याने बोट चालते; आता ती बर्गेन ते किर्केनेस जाते, वाटेत ट्रोम्सो लागते. २०११ साली तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने ही अख्खी सफर थेट दाखवली, सलग १३४ तास. बोट धक्क्याला लागते, दोर बांधतात, सामान उतरते, दोर सोडतात, बोट निघते. मग डोंगर, मग पुन्हा धक्का. नवशिक्याने सगळे एका दमात बघू नये. रविवारी जेवणानंतर दोन बंदरे पुरेत. यात कंटाळा येणाऱ्याचा हा छंद नव्हे, त्याने सरळ दापोलीला जावे.

‘न जाताच एवढं कसं बोलता?’ असे कोणी विचारले, तर टिळकांना पुढे करावे. १९०३ साली लोकमान्यांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ पुण्यातून प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातल्या उषेच्या वर्णनांवरून ही पहाट दिवसचे दिवस रेंगाळणारी, म्हणजे ध्रुवाजवळची, असे अनुमान काढून आर्यांचे मूळ घर त्यांनी तिकडे नेले. सिद्धान्त अभ्यासकांत टिकला नाही, ते सोडा. टिळकांनी मंडाले पाहिले, पुढे विलायतही पाहिली, आर्क्टिकला मात्र ते कधी गेले नाहीत. इतक्या मोठ्या पूर्वसुरीनंतर विचारणाऱ्याने बाकी काही विचारू नये.

आता तारखांचा पाठ, आणि सगळी खुबी याच्यातच आहे. मराठी माणसाला मोकळीक मे महिन्यात, शाळा बंद असतात तेव्हा. ट्रोम्सोत २० मेच्या सुमारास मध्यरात्रीचा सूर्य सुरू होतो, आणि त्याच्या कितीतरी आधी, एप्रिलच्या मध्यापासूनच, रात्री इतक्या उजळ होतात की ध्रुवीय प्रकाश दिसणे कठीण. तो पाहायचा तर सप्टेंबर ते मार्च. सप्टेंबरात गणपती किंवा पितृपंधरवडा, पुढे नवरात्र, मग दिवाळी, भाऊबीज सोडून जाणे शक्य नाही. डिसेंबरात लग्ने. जानेवारीत मुलांच्या सराव परीक्षा, मार्चमध्ये खऱ्या परीक्षा आणि ऑफिसात वर्षअखेर. उरला फेब्रुवारी, तर रजा उरलेली नसते. इतका पक्का बंदोबस्त स्वित्झर्लंडच्या बाबतीत होत नाही. त्यातूनही कोणी फट शोधलीच, तर सूर्याचे अकरा वर्षांचे चक्र सांगावे. ताजा भर २०२४ च्या आसपास होता; आता पुढच्या भराची वाट पाहिलेली बरी.

या छंदावर एक मोठा प्रसंग मात्र येऊन गेला आहे. १० मे २०२४ च्या रात्री प्रचंड सौर वादळ झाले आणि लडाखात हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी आभाळातला तांबडा उजेड टिपला. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही, भारताच्या हद्दीत! अशा वेळी गडबडू नये. हिरवा भाग क्षितिजाखालीच राहिला, इतक्या दक्षिणेकडून वरची तांबडी कडा तेवढी दिसते, असे शांतपणे सांगून पेपर उलटावा.

जाऊन आलेला शेजारी हा दुसरा धोका. त्याच्या फोनमध्ये शंभरावर फोटो असतात. ते सगळे पाहून झाल्यावर एवढेच विचारावे, ‘डोळ्यांनाही एवढा हिरवा दिसला, की फोनमध्येच?’ मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत आणि कॅमेऱ्याला कळतात, तेव्हा पुष्कळदा समोर करड्या ढगासारखेच काहीतरी असते. तो थोडा वेळ गप्प बसेल. चहा आपण द्यावा.

ओढ फारच अनावर झाली तर गोव्यात वास्कोला जाऊन यावे. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र तिथे आहे. स्वालबार्डवरचा आपला ‘हिमाद्री’ हा तळ, ७९ अंश उत्तरेला, २००८ पासून त्याच्याच देखरेखीखाली आहे. दुपारी बांगडा चांगला मिळतो.

शेवटचा पाठ ऑस्लोत नोकरी करणाऱ्या मुलीच्या फोनचा. ‘बाबा, या वर्षी तिकीट काढतेच तुमचं,’ असे ती म्हणते, आणि तिचा आवाज खरा असतो. इथे भले भले विद्यार्थी हो म्हणून बसतात. आनंद दाखवावा, आईलाही फोन द्यावा, आणि फोन परत हातात आला की म्हणावे, ‘काढ की. पण मेमध्ये काढ हं, तेव्हा आम्ही मोकळे असतो.’ मेमध्ये काय दिसते आणि काय नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. तुम्हालाही ते ठाऊक आहे, हे तेवढे तिला कळू देऊ नये.