साक्षीपुरतं पाप

ख्रिस्ती घरात वाढलेलं पोर कॉलेजात गेलं की त्याची मोठी पंचाईत होते, पण ती मोहांमुळे नव्हे. मोहाला पैसे लागतात आणि मेसचं बिल भागवून उरलेल्या पैशात फार तर दोन वडापाव बसतात. पंचाईत होते ती साक्षीमुळे.

ही साक्ष कोर्टातली नव्हे. कोर्टात दुसऱ्यानं काय केलं ते सांगायचं असतं, आमच्यात स्वतःचं सांगतात. मंडळीपुढे उभं राहायचं, सगळ्यांना सलाम म्हणायचं, आणि मग आपण आधी कसे होतो, प्रभू कसा भेटला, आता कसे आहोत, हे तीन टप्प्यांत मांडायचं. पहिला टप्पा जितका काळा, तितका तिसरा उजळ दिसतो. ऐकणारेही पहिल्या टप्प्याला सावरून बसतात आणि तिसऱ्याला घड्याळ बघायला लागतात.

माझ्याकडे पहिला टप्पाच नव्हता.

मी नगर जिल्ह्यातला. आमच्याकडे जे काही सांगण्यासारखं घडलं ते पणजोबांच्या काळात घडून गेलं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, भावकीनं तोंड फिरवलं, पाणी तोडलं, लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली. म्हातारा साक्षीला उभा राहिला की दिवेलागण व्हायची म्हणतात. पुढे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर झाले आणि पप्पा जिल्हा परिषदेत चिकटले. माझ्यापर्यंत येईतो सगळं उरकलेलं होतं. मला तान्हेपणी बाप्तिस्मा दिला (मला कुणी विचारलं नाही, मी रडून निषेध नोंदवला असं आजी सांगते). रविवारच्या शाळेत वचनं पाठ केली, त्याबद्दल कंपासपेटी मिळाली. आता एवढ्या भांडवलावर कोण साक्ष देणार?

त्यात आमच्या वाङ्मयानं आमची अपेक्षा भलतीच वाढवून ठेवलेली. बाबा पदमनजींनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांत ‘यमुनापर्यटन’ लिहून काढलं. पुष्कळजण तिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. मला तीन वर्षांत इंजिनिअरिंगच्या गणिताचा एम-थ्री हा विषय सुटला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटला, त्यानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. झालेही. मी नगर-पुणे एसटीनं इतका हिंडलो, पण शेजारच्या माणसानं माझ्या हाती ठेवलं ते मांडीवरचं पोर. घोडनदीला पाणी प्यायला उतरून येतो म्हणाला आणि गाडी सुटता सुटता परत आला, एवढाच काय तो चमत्कार.

पुण्यात ‘टिळक’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो, हे मला होस्टेलवर कळलं. माझे दोन रूममेट. एक सांगलीचा, एक परभणीचा. एका रात्री मी बोलण्याच्या ओघात म्हणालो, ‘टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा...’ सांगलीकर ताडकन उठून बसला. त्यानं आधी दाराची कडी लावली. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, ‘इथं म्हणालास ते म्हणालास, बाहेर म्हणू नकोस.’ फुलामुलांचे कवी टिळक ते हे, लोकमान्य नव्हेत, हे पटवेपर्यंत बारा वाजले. तरी त्यानं सकाळी लायब्ररीत जाऊन खात्री करून घेतलीच.

या दोघांना माझ्याबद्दल भारी कुतूहल होतं. माझं इंग्रजी उत्तम असणार, मला गिटार येत असणार आणि घरी काटेचमचे असणार, अशी त्यांची समजूत. पहिल्या महिन्यात बँकेचे फॉर्म माझ्याकडून भरून घेतले आणि ते परत आल्यावर इंग्रजीचा प्रश्न निकालात निघाला. गिटारचं विचारलं तेव्हा मी सांगितलं की आमच्याकडे भजनाला पेटी, तबला आणि टाळ. मला त्यातले टाळ येतात. सांगलीकराचा चेहरा असा पडला, की मला वाटलं हा आता रेक्टरकडे खोली बदलून मागतो.

नाताळची सुट्टी संपवून मी डबा घेऊन आलो तेव्हा दोघं केकची वाट बघत बसलेले. डब्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळे. ‘अरे, हे तर आमचंच,’ परभणीकर म्हणाला आणि तेवढ्याच हक्कानं त्यानं खायला सुरुवात केली. याच पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून केवढा गहजब उडाला होता. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, बडी बडी मंडळी त्यात. गोपाळराव जोशांनी नावं फोडली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मी ही सगळी हकिकत परभणीकराला सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली आणि विचारलं, ‘चकल्या अजून आहेत का?’

तर साक्ष. मे महिन्यात पाचगणीला आमच्या विद्यार्थी मंडळाचं शिबिर असे. पहाटे सिल्व्हर ओकच्या झाडांखाली बसून मनन, मग बायबल अभ्यास, मग गटचर्चा आणि रात्री शेकोटीभोवती साक्षी. पहिल्या रात्री एकजण उठला आणि मी पूर्वी सिगारेट ओढत असे म्हणाला. दुसऱ्यानं दारू सांगितली. तिसऱ्यानं दारू आणि मारामारी. चौथ्याच्या वेळी तलवार निघाली. हा चौथा मुलगा वर्गात माझ्या शेजारी बसायचा. बेडकाचं डिसेक्शन नको म्हणून बारावीला त्यानं बायॉलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं. तरी तलवारीला ‘हालेलुया’ पडलाच. माझा नंबर आला. मी खूप आठवून पाहिलं. शेवटी सीनियरच्या जर्नलवरून जर्नल उतरवलं, असं सांगितलं. शेकोटीभोवती निराशेची एक लाट पसरली. शिबिराचे दादा मला धीर देत म्हणाले, ‘असू दे, असू दे. प्रत्येकाची वेळ असते.’

साक्षीहून कठीण काम म्हणजे देवाची इच्छा ओळखणं. बाकीची पोरं नोकरी बघून नोकरी घेत आणि मुलगी बघून मुलगी. आम्हाला मधे विचारून घ्यावं लागे. विचारायच्या पद्धतीही ठरलेल्या. शास्ते या पुस्तकात गिदोनाची गोष्ट आहे. त्यानं खळ्यात लोकर ठेवली आणि देवाला म्हणाला, दव नुसतं लोकरीवर पडू दे, भुई कोरडी राहू दे. तसं झालं. पण गडी पक्का. दुसऱ्या रात्री उलटं मागून खात्री करून घेतली. आमच्यातल्या एकानं हीच युक्ती एका मुलीच्या बाबतीत वापरली. सिटी बस आठ दहाला आली तर ती आपली. आता लोकरीवर दव पाडणं वेगळं आणि पुण्यात आठ दहाची बस आठ दहाला आणणं वेगळं. दोन सेमिस्टर तो स्टॉपवर उभा होता.

शेवटी त्यानं तिला विचारलंच. ती म्हणाली, ‘मी प्रार्थनेत ठेवते.’ हे वाक्य ज्याला ख्रिस्ती कॉलेजकुमारीनं ऐकवलं नाही, त्याला नकार म्हणजे काय ते कळलेलं नाही. नुसत्या नकारावर वाद घालता येतो, चिठ्ठी पाठवता येते, मैत्रिणीकडून वशिला लावता येतो. इथं प्रकरण थेट वर गेलेलं. निकालाबद्दल तिला विचारायची सोय नाही आणि देवाला विचारावं तर तो म्हणणार, मी तुला बसमधून कळवत होतोच की.

दुसऱ्या एकानं कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं निर्गमाच्या सव्विसाव्या अध्यायावर, जिथं निवासमंडपासाठी बकऱ्याच्या केसांचे अकरा पडदे करायला सांगितले आहेत. त्यावर रात्री दोनपर्यंत चर्चा झाली. एकाचं म्हणणं, टेक्स्टाइल कंपनी घे. दुसरा म्हणाला, मंडप म्हणजे साइटवरचं काम. तिसऱ्याला अकरा हा पगाराचा आकडा वाटला, अकरा हजार. बोट ठेवणारा स्वतः गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागला, कारण तिनं त्याला घेतलं. बाकीच्यांनी घेतलं नाही. देवाच्या इच्छेची इतकी सरळ रीत असू शकते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझी स्वतःची आध्यात्मिक लढाई दर रविवारी दुपारी एकच्या सुमाराला चाले. रविवारी मेसमध्ये फीस्ट: चिकन, जिरा राईस, गुलाबजाम. रात्री मेस बंद. म्हणजे फीस्ट चुकली की सोमवारपर्यंत बिस्किटं. उपासना दहाला सुरू होई. उपदेश संपायला साडेअकरा. तिथपर्यंत सगळं ठीक. मग उठत सेक्रेटरी, सूचना वाचायला. स्त्रीमंडळाची सभा, कबरस्तानाची वर्गणी, गेल्या सभेचा हिशेब, हिशेबावर एका काकांचा आक्षेप, आक्षेपावर दुसऱ्या काकांचा आक्षेप. इकडे माझ्या डोळ्यांसमोर चिकनचे तुकडे एकेक करून नाहीसे होत. सैतान येतो तो शिंगं लावून नव्हे, हातात मिनिट बुक घेऊन येतो, असं माझं त्या काळात ठाम मत झालं होतं. दुसऱ्या वर्षी मी उपासना बुडवायला लागलो.

अशाच एका रविवारी मी पहिल्या पंगतीला जाऊन बसलो तर समोर परभणीकर. ताटात चिकन. मी त्याच्या गळ्याकडे पाहिलं. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी. आला तेव्हा गळ्यात तुळशीची माळ होती आणि फीस्टला तो चुपचाप पनीर घेई. आज माळ नव्हती. त्यानंही घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तुझं चर्च सुटलं एवढ्यात?’ मग दोघंही खाली बघून जेवलो. रश्शाला चवच लागेना.

खोलीवर आल्यावर त्यानं माळ दाखवली. रुमालात गुंडाळून ड्राफ्टरच्या पिशवीत, सेट-स्क्वेअरच्या मागं ठेवलेली. आषाढीला घरी जाताना घालतो, स्वारगेटला उतरल्यावर काढतो, म्हणाला. काढायला कुणी सांगितलं नव्हतं. ‘पण घालायलाही मला कुणी विचारलं नव्हतं ना रे. सातवीत होतो. आबा म्हणाले, मान पुढं कर.’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘तुला विचारलं असतं तर तू घेतलं असतंस?’

चार वर्षं बायबल क्विझला बक्षिसं मिळवणाऱ्या मला याचं उत्तर आलं नाही. एवढं झालं, की बऱ्याच दिवसांनी मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढलं. लहानपणी त्यातले विनोद तेवढे वाचले होते. आता दिसली ती लक्ष्मीबाईंची सवड. नवऱ्यानं 1895 साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी 1900 साली. मधली पाच वर्षं बाई नवऱ्याशी भांडली, वेगळी राहिली, परत आली, सोवळं सांभाळत राहिली, आणि स्वतःला पटलं तेव्हाच पाऊल उचललं. तिच्या आधी पंडिता रमाबाई. इंग्लंडात 1883 साली बाप्तिस्मा घेऊनही शाकाहार सोडला नाही की सिस्टर मंडळींशी वाद घालणं सोडलं नाही. पत्रांमागून पत्रं. आणि याच बाईनं पुढं हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. आमच्या शेकोटीपुढे या दोघी साक्षीला उभ्या राहिल्या असत्या तर दादांनी त्यांनाही ‘असू दे, असू दे’च म्हटलं असतं.

मी पुढच्या रविवारी उपासनेला गेलो. मनात फार काही उजळलं होतं अशातला भाग नाही. फीस्ट मात्र परभणीकरानं डब्यात काढून ठेवली. चिकन माझ्या डब्यात, पनीर त्याच्या ताटात. माळेचं तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी एकदा तो माझ्याबरोबर उपासनेला आला आणि सूचना ऐकून इतका खूश झाला, की ‘आमच्या दिंडीच्या मीटिंगा अश्शाच’ म्हणून परत परत यायला लागला. कबरस्तानाच्या वर्गणीला त्यानं दहा रुपये दिले. पावती अजून माझ्याकडे आहे. तो परभणीला असतो आणि दर नाताळला चकल्यांची आठवण करून देतो.

आता मंडळीत तरुण संघाचं काम माझ्याकडे आलंय. दादांच्या जागी मी. मुलं-मुली कॉलेजातली, साक्षी अजून त्याच तीन टप्प्यांत, फक्त पहिल्या टप्प्यात सिगारेटच्या जागी मोबाइल आलाय. परवाच्या सभेत एका मुलीचा नंबर होता. सेकंड इयर, मायक्रोबायॉलॉजी. ती उठली, सलाम केला आणि म्हणाली, ‘माझं अजून नक्की ठरत नाहीये. प्रश्न चालू आहेत. ठरलं की सांगते.’ आणि बसली. टाळ्या वाजवाव्यात की प्रार्थना करावी, कुणाला कळेना. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

सेक्रेटरींनी मात्र मिनिट बुकात व्यवस्थित नोंद केली: ‘विषय क्र. 4. साक्ष. अपूर्ण. पुढील सभेपुढे ठेवावी.’